व्याधाचा बाण, राळेगणचा बांध

'स्टार वॉर्स'मधली लढाई कुठल्या ग्रहाजवळ झाली, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण आपल्या डोक्यावर दर हिवाळ्यात रंगणाऱ्या लढाईचं काय? राळेगणसिद्धीच्या माळावरून एक आकाशी रिपोर्ट...

चला, एक छोटीशी क्विझ! पहिला प्रश्न : डेथ स्टार कुठे उद्ध्वस्त झाला? 'याविन!' असं तुमच्यातले निम्मे जण प्रश्न संपायच्या आत ओरडले असतील. एकदम बरोबर. १९७७ साली आलेल्या पहिल्यावहिल्या 'स्टार वॉर्स'मधली ती लढाई. याविन नावाचा वायूचा महाकाय ग्रह, त्याच्या एका चंद्रावर बंडखोरांचा तळ आणि ल्यूक स्कायवॉकरने बरोबर एका भोकात सोडलेला टॉर्पेडो. खेळ खल्लास!

आता दुसरा प्रश्न. मृग नक्षत्र आकाशात नेमकं कुठे असतं?

काय झालं? एकदम शांतता का पसरली?

लाजू नका हो. हा प्रश्न मी ऑफिसच्या कॅन्टीनपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे विचारून पाहिलाय. 'मृग म्हणजे ते पावसाचं, जूनमधलं ना?' इथवर गाडी येते आणि पंक्चर होते. याविनच्या कितव्या चंद्रावर तळ होता हे सांगणारी माणसं (चौथ्या!) मृगाचं नाव काढलं की मोबाइलमध्ये डोकं घालतात. याविन हा कुणीतरी रचलेला ग्रह, तो कुठल्याच दुर्बिणीतून दिसणार नाही. मृग मात्र थंडीच्या दिवसांत आपल्या सोसायटीच्या टाकीवर तासन्‌तास लटकलेला असतो. आणि गंमत म्हणजे तिथेही एक लढाईच चाललेली आहे.

आपलंही 'स्टार वॉर्स'!

अंतराळातलं युद्ध ही काही हॉलिवूडची मक्तेदारी नाही. आपल्या पुराणांत तर एका युद्धाचं नावच मुळी 'तारकामय युद्ध' आहे. बृहस्पतीची बायको तारा, तिला पळवून नेणारा चंद्र आणि त्यावरून देव विरुद्ध असुर असा जंगी सामना. या सगळ्या भानगडीतून जन्माला आला तो बुध. म्हणजे गुरू, चंद्र आणि बुध, सगळे एकाच फॅमिली ड्राम्यात!

त्रिपुराची गोष्ट तर डेथ स्टारच्या आधीचा डेथ स्टार म्हणावी अशी. तारकासुराच्या तीन मुलांची तीन नगरं; एक सोन्याचं, एक चांदीचं, एक लोखंडाचं. तिन्ही एका रेषेत आली की त्याच क्षणी, एकाच बाणात उडवायची, एवढीच पळवाट. शंकराने ती साधली आणि त्रिपुरारी पौर्णिमेला देवळांच्या दीपमाळा आपण आजही पेटवतो. एक कमजोर जागा, एक नेम, सगळं भस्म. ल्यूकने वेगळं काय केलं, सांगा!

पण या दोन्ही लढाया पोथीत वाचायच्या. तिसरी मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचं रणांगण म्हणजे मृग, जो इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याला ओरायन म्हणून जास्त माहितेय. ही लढाई नीट बघायची, असं ठरवलं आणि जागा निवडली राळेगणसिद्धी.

व्हाया वाडेगव्हाण

राळेगणच का? लोकांनी भुवया उंचावल्याच. तिकडे उपोषणं कव्हर करायला जातात, तारे बघायला नाही!

कारणं दोन होती. पहिलं सोयीचं. पुणे-नगर रस्त्याने साधारण ८५ ते ९० किलोमीटर, शिरूर ओलांडायचं, वाडेगव्हाणला आत वळायचं, की आलंच गाव. दुसरं कारण जरा खोलातलं. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा पारनेर तालुका पर्जन्यछायेत येतो. सह्याद्रीवर ढग रिकामे होऊन इकडे पोचतात. वर्षाला जेमतेम ४००-५०० मिलिमीटर पाऊस. मृगाकडे डोळे लावून बसणं म्हणजे काय, हे अशा गावापेक्षा जास्त कुणाला कळणार?

तर गेल्या हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासचा शनिवार पकडून आम्ही चौघं निघालो. आमच्यातला एक जण कट्टर 'स्टार वॉर्स'भक्त (नाव छापलं तर तो माझ्याशी बोलायचा नाही). त्याच्याकडे दुर्बीण, माझ्याकडे थर्मास, बाकी दोघांकडे 'हुरडा कुठे मिळेल?' हा एकच ज्वलंत प्रश्न. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची कणसं डोलत होती, त्यामुळे तो प्रश्न लवकर सुटला.

गावात चहा घेताना शेजारी बसलेल्या आजोबांना मी उत्साहाने सांगितलं, ''आजोबा, आम्ही मृग बघायला आलोय.'' त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या जॅकेटकडे बघितलं. ''मिरीग? आत्ता? आगं पोरी, त्यो लागतो जूनात!''

आता आली का पंचाईत! आजोबा चूक, की पंचांग चूक, की आमचं ॲप चूक? उत्तर असं, की सगळेच बरोबर. पण त्याकडे वळण्याआधी लढाई बघून घेऊ.

शिकारी कोण, शिकार कोण?

गावाबाहेर, उभ्या पिकात पाय पडणार नाही अशी मोकळी जागा विचारून घेतली आणि टॉर्च बंद केले. आकाश अगदी काजळासारखं काळं होतं, असं म्हणणार नाही. क्षितिजाच्या एका कडेला सुप्याच्या एमआयडीसीकडचा पिवळट उजेड होताच. पण पुण्याच्या मानाने? विचारूच नका. वीसेक मिनिटांत डोळे सरावले आणि पूर्वेकडे वर चढलेलं सगळं दृश्य स्पष्ट झालं.

चार ठळक ताऱ्यांचा मोठा चौकोन, हे हरणाचे चार पाय. त्यांतला एक तांबूस, तो काक्षी, म्हणजे बीटलज्यूज. समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा तो राजन्य, म्हणजे रायजेल. चौकोनाच्या पोटात एका ओळीत टोचल्यासारखे तीन तारे, हा त्रिकांड बाण. बाणाची रेघ खाली, आग्नेयेकडे वाढवत न्या; ती जाऊन भिडते रात्रीच्या आकाशातल्या सगळ्यांत तेजस्वी ताऱ्याला. तोच व्याध, बाण सोडणारा शिकारी. आणि हीच रेघ उलट, वर वाढवली की भेटते लालसर रोहिणी. पुढे रोहिणी, मागे हरीण, हरणाच्या पोटात बाण आणि शेवटी व्याध. अख्खी चेस सीक्वेन्स एका रेषेत! उगवतातही याच क्रमाने, मावळतातही.

गोष्ट ऐतरेय ब्राह्मणातली आहे. सृष्टीचा कर्ता प्रजापती स्वतःच्याच मुलीवर आसक्त झाला. तिने हरिणीचं रूप घेतलं, हा हरीण होऊन मागे लागला. देव हादरले. जे करू नये ते खुद्द प्रजापती करतोय, आणि त्याला शासन करील असा त्यांच्यात कुणीच नाही! मग सगळ्या देवांनी आपापलं उग्र तेज एकत्र केलं, त्यातून रुद्र उभा राहिला आणि त्याने बाण सोडला. हरीण झालं मृग, मारणारा झाला मृगव्याध, ती झाली रोहिणी.

आपला 'स्टार वॉर्स'भक्त दुर्बीण खाली ठेवून म्हणाला, ''म्हणजे हिरो विरुद्ध व्हिलन असं नाहीच हे. सगळ्यांत वरचा माणूस चुकला, तर त्याला कोण धरणार, असा लोच्या आहे.''

राळेगणमध्ये उभं राहून हे वाक्य ऐकताना हसू आवरेना. २०११ साली लोकपालच्या मागणीसाठी दिल्लीतल्या उपोषणाने देश ढवळून काढणारे अण्णा हजारे याच गावचे. आणि डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत लोकपाल विधेयक मंजूर झालं, तेव्हा अण्णांचं उपोषण चालू होतं ते इथेच, राळेगणमध्ये. वरच्यांना जाब कुणी विचारायचा, हा प्रश्न किती जुना आहे बघा. आपल्या पूर्वजांनी तो थेट आकाशात टांगून ठेवलाय, रोज दिसावा म्हणून.

बाण गेला कुठे?

आता थोडा रसभंग करते. ही 'ताऱ्यांची व्यवस्था' म्हणजे शंभर टक्के फिक्शन आहे. याविनइतकीच!

कारण आकाश आपल्याला भिंतीवरच्या पोस्टरसारखं सपाट दिसतं, पण ते तसं नसतं. व्याध आहे फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर, म्हणजे अगदी शेजारी. रोहिणी साधारण ६५ प्रकाशवर्षं. काक्षी ५०० ते ७०० प्रकाशवर्षांच्या टप्प्यात, राजन्य ८६०च्या आसपास. आणि बाणाचे तीन तारे तर हजारांच्या पलीकडे. म्हणजे हिशेब लावला तर बाण हरणाच्या आरपार जाऊन शेकडो प्रकाशवर्षं पुढे निघून गेलाय आणि शिकारी आपल्या कुशीत येऊन उभा राहिलाय. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळून बघितलं, तर ना हरीण दिसेल, ना बाण. ही लढाई फक्त आपल्याच गल्लीतून दिसते.

शिवाय टायमिंगचा गोंधळ आहेच. व्याधाचा प्रकाश जो आज डोळ्यांत शिरतो, तो निघाला साडेआठ वर्षांपूर्वी. म्हणजे तुमच्या पहिल्या नोकरीच्या सुमाराला म्हणा ना. राजन्यचा प्रकाश मात्र निघाला तेव्हा ज्ञानेश्वर जन्मायला अजून शंभरेक वर्षं होती. ते पुढे याच जिल्ह्यात, नेवाशाला बसून ज्ञानेश्वरी सांगून गेले आणि तो किरण अजून वाटेतच! आपल्याला जे एका फ्रेममध्ये दिसतं, ते वेगवेगळ्या शतकांतलं फुटेज आहे.

आणि इथे खरंच युद्ध करायचं म्हटलं तर? व्याधाकडे 'हल्ला करा' असा मेसेज पाठवला, तर तो पोचायलाच ८.६ वर्षं, 'ओके' यायला आणखी ८.६. माणसाने सूर्यमालेबाहेर पाठवलेलं 'व्हॉयेजर १' यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने पळतंय. त्या वेगाने व्याधाइतकं अंतर कापायला लागतील दीड लाख वर्षं. तोवर भांडण कशावरून होतं, हेही विसरायला होईल. आणि हो, अंतराळात हवा नसल्याने तो सिनेमातला 'ढिशक्यांव' आवाजही नाही. शांततेत लढा!

खरी ताऱ्यांची व्यवस्था बघायची असेल तर व्याधाच्या घरात डोकवा. तो एकटा नाही, जोडतारा आहे. त्याच्या चालीतल्या बारीक डळमळीवरून १८४४ साली बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने ओळखलं, की याला कुणीतरी न दिसणारा जोडीदार ओढतोय. १८६२ साली अमेरिकेतल्या अल्वान ग्रॅहम क्लार्कला नवी दुर्बीण तपासताना तो दिसला. आकार पृथ्वीएवढा आणि वस्तुमान जवळपास सूर्याएवढं! हा श्वेत बटू तारा कधीकाळी दोघांतला थोरला होता. इंधन भराभरा जाळून विझला. दोघं पन्नासेक वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. तिकडे काक्षीचीही अखेर जवळ आलीय. २०१९च्या शेवटी तो अचानक मंदावला, तेव्हा जगभरच्या आकाशनिरीक्षकांचा श्वास अडकला होता. पुढे कळलं, की त्यानेच बाहेर फेकलेल्या वायूतून तयार झालेली धूळ आडवी आली होती. तो फुटेल तेव्हा हरणाचा एक पाय दिवसाढवळ्या चमकेल. फक्त त्याला अजून लाखभर वर्षं लागू शकतात. प्लॅन करू नका.

आजोबा बरोबर होते

आता चहाच्या टपरीवरच्या त्या पंचाईतीकडे. शेतकऱ्याच्या भाषेत 'मिरीग लागला' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात पोचला, साधारण ७-८ जूनला. सूर्यच त्या ताऱ्यांच्या पुढ्यात, मग ते तारे दिसणार कसे? म्हणजे ज्या मृगाची वर्षभर वाट बघायची, तो त्या दिवसांत आकाशात अजिबात दिसत नाही. दिसतो तो जानेवारीत, जेव्हा त्याच्याकडे कुणाचं काम नसतं!

तिथून सूर्य दर तेरा-चौदा दिवसांनी पुढच्या नक्षत्रात जातो. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त... गावाकडे याच पावसांना लाडकी नावं आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. भोंडल्यात आपण पाटावर जो हत्ती काढतो ना, तो या हस्ताचाच. मृगाच्या सरी आल्या की मखमली लाल मृगाचा किडा जमिनीवर फिरू लागतो. पंचांगात तर प्रत्येक नक्षत्राला वाहनही दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस दाबून. कोल्हा, गाढव असेल तर बेभरवशाचा. थोडक्यात, आपल्याकडे ताऱ्यांचा वेदर फोरकास्ट होता आणि तो आजही दिनदर्शिकेत छापून येतो.

यात एक मोठी मेख आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रं यांची जोडी हळूहळू सुटत जाते, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. ज्ञानेश्वरांच्या काळात मृग आजच्या तारखांच्या हिशेबाने दहाएक दिवस आधी, मेच्या अखेरीस लागायचा. आणखी हजार वर्षांनी तो जूनच्या विशी-बाविशीत जाईल. पाऊस मात्र नक्षत्रांना विचारून येत नाही. त्याचं नातं तापलेल्या जमिनीशी आणि समुद्रावरच्या वाऱ्यांशी.

याच डुलण्यावर एका मराठी माणसाने अख्खं पुस्तक लिहिलं होतं. कोण? लोकमान्य टिळक! १८९२ सालच्या लंडनमधल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिलेला निबंध वाढवून त्यांनी १८९३ साली 'ओरायन' हे इंग्रजी पुस्तक काढलं. त्यांचा मुद्दा असा : मृग-व्याधाच्या या कथांमागे, वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य मृगात असे, त्या काळाची आठवण आहे. आज तो बिंदू उत्तरा भाद्रपदेत आहे. मागे सरकत मृगापर्यंत जायचं, तर सुमारे सहा हजार वर्षं उलटी मोजावी लागतात. म्हणून काही वैदिक रचना इसवी सनापूर्वी ४००० वर्षांच्या आसपासच्या, असं त्यांनी मांडलं. आजचे बहुतेक अभ्यासक वेदांचा काळ इतका मागे नेत नाहीत. पण हरणामागच्या बाणाच्या गोष्टीत घड्याळ शोधणं, ही कल्पनाच किती भन्नाट!

बाण वर, बांध खाली

पण मग पाऊस? हरीण, व्याध, बेडूक, हत्ती सगळे मिळून या गावाला पाणी देऊ शकले का? राळेगणचं उत्तर सरळ आहे. नाही.

सत्तरच्या दशकातलं राळेगण म्हणजे उघडे डोंगर, कोरड्या विहिरी, दारूच्या भट्ट्या आणि कामासाठी बाहेर पडणारी माणसं. १९७५ साली लष्करातली नोकरी सोडून अण्णा हजारे गावी आले. आधी स्वतःच्या पैशांतून संत यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्यातून माणसं जमली, आणि मग हात घातला पाण्याला. पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग करणाऱ्या विलासराव साळुंखे यांच्या कामाचा आदर्श समोर होताच. डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यांवर नालाबांध, पाझर तलावांची कामं, झाडं. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. उसासारख्या पाणी पिणाऱ्या पिकांना नकार. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला जमिनीत मुरायला, एवढंच तंत्र. विहिरींना पाणी आलं, जिथे एक पीक कसंबसं निघायचं तिथे दुसरं उभं राहिलं.

पाऊस वाढला नाही, हे लक्षात घ्या. वरचा ४००-५०० मिलिमीटरचा पगार तोच राहिला. गावाने फक्त सेव्हिंग सुरू केलं! याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार तर आणखी एक पाऊल पुढे गेलं. तिथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कुठली पिकं घ्यायची ते ठरवतात. महिनाअखेरीला क्रेडिट कार्डाचं बिल बघून घाम फुटणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे शिकायला हरकत नाही.

मला यातली सगळ्यांत भावलेली गोष्ट अशी, की आकाशाची गोष्ट कुणी मोडीत काढलेली नाही. टपरीवरचे आजोबा आजही मिरीगच म्हणतात, 'जूनचा दुसरा आठवडा' म्हणत नाहीत. आम्ही खाल्लेला हुरडाही सप्टेंबरातल्या उत्तरा आणि त्यामागोमागच्या हस्ताच्या पावसावरच भरला होता आणि त्याचं श्रेय ते हत्तीला देत होते. पण त्या ज्वारीखालची ओल टिकवणारं काम जमिनीवर झालेलं होतं. गोष्ट गोष्टीच्या जागी, बांध बांधाच्या जागी. भरवसा कशावर टाकायचा, एवढं पक्कं कळलं, की गोष्टीवर मनसोक्त प्रेम करायला मोकळे!

आपली गत नेमकी उलटी झालीय. शहरात आपल्याकडे बांधही नाही आणि गोष्टही नाही. पाणी टँकरने येतं आणि हॅलोजनच्या उजेडात मृगाचे चार पायही धड मोजता येत नाहीत. आपल्या वाट्याचं आकाश आपण बिनबोभाट देऊन टाकलं. ते परत मिळवता येतं, हेही दिसलंय. जानेवारी २०२४ मध्ये विदर्भातला पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांमधले दिवे वर न पाहता खाली पाहतील, असे बदलले गेले. रॉकेट सायन्स अजिबात नाही. दिव्याला टोपी घालायची!

विदर्भाचा विषय निघालाच आहे, तर एक शेवटची गंमत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंड वस्त्यांमध्ये फिरून तिथलं आकाशज्ञान नोंदवलं. गोंडांना या ताऱ्यांत ना हरीण दिसतं, ना शिकारी, ना बाण. त्यांना तिथे दिसतो नांगर आणि पेरणीची तिफण.

तेच तारे. एकाने त्यांत युद्ध पाहिलं, दुसऱ्याने पेरणी. राळेगणच्या माळावर थंडीने दात वाजत असताना मी त्या तीन ताऱ्यांकडे पुन्हा बघितलं. आता मला बाणही दिसत होता आणि तिफणही. आलटूनपालटून. आमच्या 'स्टार वॉर्स'भक्ताला विचारलं, तुला काय दिसतंय? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ''थर्मास दे.''

चौकट : तुम्हालाही बघायचंय?

* कधी : डिसेंबर ते मार्च. जानेवारीच्या मध्यात रात्री दहाच्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्यात आठच्या आसपास मृग जवळजवळ डोक्यावर असतो. अमावास्येजवळचा वीकएंड निवडा.
* कसं : आधी एका ओळीतले तीन तारे शोधा. खालच्या बाजूला रेघ वाढवली की व्याध, वरच्या बाजूला रोहिणी. बाणाच्या जरा खाली एक धुरकट ठिपका दिसेल. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा. तिथे आत्ता नवे तारे जन्माला येतायत. साधी दुर्बीण असेल तर मजा दुप्पट.
* काय न्याल : जॅकेट, चटई, थर्मास आणि टॉर्चवर लावायला लाल जिलेटिन. मोबाइलची स्क्रीन एकदा बघितली की डोळे पुन्हा सरावायला वीस मिनिटं जातात, म्हणून तो खिशात.
* काय टाळाल : उभ्या ज्वारीत शिरणं, न विचारता कुणाच्या रानात गाडी घालणं आणि स्पीकर. गाव पहाटे उठतं.
* जोडून काय : शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना! २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सहसा लोकांसाठी खुली असते. जाण्याआधी चौकशी करा.